खुर्चीवरची माय आणि द्वारकाकाकू

द्वारकाकाकू चांदी कानाने ओळखायच्या. कुणी जुना दागिना मोडायला घेऊन आलं की त्या तो आधी काळ्या फरशीवर टाकायच्या, डोळे मिटून ऐकायच्या आणि मगच तराजूला हात लावायच्या. त्याच वेळी गल्लीतून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं तर ओरडायच्या, "थांब ना लेका, आयकू दे!" आणि दागिना पुन्हा टाकायच्या. भेसळ असली तर म्हणायच्या, "हे घोगरं बोलते." चांदी चोख असली तर काहीच बोलायच्या नाहीत. नुसती मान हलायची.

हिंगणघाटला सराफांच्या ओळीमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं आणि घराच्या ओसरीतच दुकान. भिंतीपलीकडे आमचं घर. माझे यजमान गिरणीत होते. लग्न होऊन मी त्या गल्लीत आले ती आणीबाणी लागायच्या दोनेक वर्षं आधी. तेव्हा काकू पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, अंगठ्याचं नख विस्तवानं कायमचं काळं पडलेलं. नवरा वारला होता, एकुलती मुलगी अमरावतीला दिली होती. नवऱ्यामागं त्यांनी दुकान बंद केलं नाही. पुढच्या ओळीतले एक म्हातारे सोनार त्यांना समजवायला आले होते म्हणे. "बाईमाणसानं शेगडीजवळ बसावं, पण सैपाकाच्या." काकू फुंकणी खाली न ठेवता म्हणाल्या, "इस्तू तं दोन्हीकडे सारखाच पोयते, मामाजी."

काकूंना आकडे यायचे, अक्षरं येत नव्हती. मी चौथी झालेली. म्हणून मुलीचं पत्र आलं की भिंतीवर थाप पडायची, "कुसुम, ये वं, अमरावती बोलून राह्यली." मी जायची, वाचून दाखवायची, आणि त्या काम करत ऐकायच्या. असंच एकदा पत्र वाचत बसले होते तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक बायकोची तुटलेली साखळी घेऊन आले. इतिहास शिकवत होते. काकूंनी डाग द्यायला टाकणखाराची डबी उघडली, उलटी केली, तर खारासोबत एक नाणं फरशीवर पडलं. प्राध्यापकांनी ते उचललं आणि साखळीचं विसरूनच गेले.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"राखेतून."

"बाई, हे रोमचं नाणं आहे. चांदीचं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. हा तिथला बादशहा."

"हे रोम कोठी आलं? नागपूरच्या पुढं?"

"फार पुढं. समुद्रापलीकडे."

"मंग इकडं काय कराले आला हा?"

"व्यापारी आणायचे. चांदी द्यायचे आणि आपल्याकडचं सुती कापड घेऊन जायचे."

काकूंनी गिरणीच्या धुराड्याकडे पाहिलं. "म्हंजे तवाही इथं कापूसच," त्या म्हणाल्या.

नाण्यावर एका बाजूला राजाचं तोंड होतं, धारदार नाकाचं. दुसऱ्या बाजूला एक बाई खुर्चीवर बसलेली, एका हातात उभी काठी, दुसऱ्या हातात झाडाची डहाळी. राजाच्या गालावर एक तिरपी खाच होती. नाणं वरून चांदीचं आणि आतून तांब्याचं तर नाही ना, हे पाहायला इथल्याच लोकांनी ती पाडली असणार, असं प्राध्यापक म्हणाले.

"लोकायनं नाई. सोनारानं," काकू म्हणाल्या. "छिन्नीचा घाव हाये हा. अन् तो सोनार डावखोरा व्हता."

प्राध्यापक हसले. काकूंनी छिन्नी घेतली, चांदीच्या एका पट्टीवर आधी उजव्या हाताने घाव घातला, मग डाव्या हाताने, आणि पट्टी नाण्याशेजारी ठेवली. प्राध्यापकांचं हसू गेलं. त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. राजाचं नावही त्यांनी सांगितलं होतं, पण ते आम्हा दोघींच्याही जिभेवर बसलं नाही.

ते गेल्यावर काकूंनी भरदुपारी शेगडी विझवली. मी विचारलं, "बरं नाई वाटत का काकू?" त्यांनी नाणं तळहातावर घेतलं. मग जे बोलल्या ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढं इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ आहे.

काकू नवीन लग्न होऊन आल्या त्याच वर्षी अल्लीपूरचे दौलतराव नावाचे शेतकरी दुकानात आले. गोठ्याचा पाया खणताना त्यांना गाडगं लागलं होतं. ओंजळभर नाणी, सगळी अशीच. दौलतरावांच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. "हे इतवून तोडे करून द्या," ते म्हणाले. चांदी चोख होती. काकूंच्या नवऱ्याने नाणी मुशीत घातली. भाता काकूंच्या हातात होता.

"एकेक राजा मुशीत पडे तो नाक वर करून," काकू म्हणाल्या. "मंग नाक बसे. मंग गाल. मंग नुसतं पाणी. मले गंमत वाटे वं! मी आनखी जोरानं भाता हाने."

सोनाराची राख फेकत नाहीत. ती चाळून ठेवतात आणि झारेकरी येऊन विकत नेतात, तिच्यातला कण न् कण धुऊन काढतात. संध्याकाळी राख चाळताना काकूंना चाळणीत एक नाणं सापडलं, मुशीतून उडालेलं, कडेला थोडं भाजलेलं. राजाचं तोंड त्यांना नवऱ्याच्या मामासारखं दिसलं म्हणून त्यांनी ते डबीत टाकलं. बस, एवढंच.

आणि गाडग्यातलं आणखी एक नाणं तेवढं वाचलं होतं. दौलतरावांच्या बायकोला, गिरजाबाईंना, खुर्चीवर बसलेली बाई पाहून ती देवीच वाटली. तिनं एक नाणं नवऱ्याकडून मागून घेतलं आणि देवघरात टाकांच्या रांगेत ठेवलं. आमच्याकडे देव चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून घेतात, त्यांना टाक म्हणतात. त्या घरात खंडोबा, भवानी आणि त्यांच्या शेजारी ही खुर्चीवरची माय.

"जे माह्या हातानं गेले ते काई आता उभे होत नाईत," काकू त्या दिवशी म्हणाल्या. "पण याच्यापुढं मले समजन त्यातला एक बी मुशीत जाऊ देनार नाई. अन् ते अल्लीपूरची माय तं नाईच नाई."

काकूंचा छंद तिथून सुरू झाला. त्याला छंद मी म्हणते. त्या 'काम' म्हणायच्या. झारेकऱ्यांना, कल्हईवाल्यांना, बाजारात बांगड्या विकणाऱ्या बायांना त्यांनी सांगून ठेवलं, नाकवाला पैसा दिसला तर आधी मले सांगा. गल्लीतले लोक चिडवायचे. "काय द्वारकाबाई, राजाकडचं काई पत्र-बित्र?" काकू म्हणायच्या, "येईन. तुह्यासारखा रिकामा नाई तो."

एका कल्हईवाल्याने खबर आणली की आष्टीकडच्या तळेगावात एका बकरीच्या गळ्यात असा पैसा आहे. काकूंनी दोन दिवसांत दुकान बंद करून मला सोबत घेतलं. यजमानांना माझ्यादेखत सांगितलं, "बायको उद्या मले पाह्यजे. भाकरी तुमची तुम्ही थापा." तळेगावला पोचलो तर बकरी बाजारात गेलेली. बाजारात पोचलो तर विकलेली. घेणारा तिथून चार मैलांवरच्या एका वस्तीत राहत होता. आम्ही चालत गेलो. तो दारातच कांदा-भाकर खात बसला होता.

"बकरी पाहाची हाये," काकू म्हणाल्या.

"खाटीक हाये का तुम्ही?"

"नाई. सोनार."

त्याला ठसका लागला. "सोनाराचं बकरीशी काय काम वं बाई? तिले बुगड्या करता का?"

"तिच्या गळ्यातलं पाहाचं हाये."

"ते नाई भेटत. नजरेचं हाये. ते काढलं अन् बकरी आटली म्हंजे?"

मला वाटलं, आता वाद होणार. काकूंनी कमरेच्या पिशवीतून एक बारीक चांदीची घुंगरमाळ काढली. आदल्या दिवशी बसून त्यांनी ती मुद्दाम केली होती. "हे आधी बांध, मंग ते सोड," त्या म्हणाल्या. "एक घडीभर बी तिचा गळा उघडा राहाले नाई पाह्यजे." तो माणूस भाकर खायचा थांबला. माळ त्याने हातात घेऊन पाहिली, काकूंकडे पाहिलं, आणि उठला. दोरा सोडताना बकरीने काकूंच्या नडगीवर अशी लाथ मारली की परतीचे चार मैल त्या लंगडत आल्या. नाण्याला दोरा ओवायला कुणीतरी भोक पाडलेलं होतं, नेमकं राजाच्या डोक्यातून. मी हळहळले. काकू म्हणाल्या, "भोकासगट राजाच हाये तो. चाल."

एकदा नागपूरहून एक माणूस आला. त्याच्या रुमालात आठ नाणी, सगळी लख्ख. काकूंनी एक फरशीवर टाकलं, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "हा कालच बोलाले शिकला," त्या म्हणाल्या आणि रुमाल त्याच्याकडे सरकवला. तो चहासुद्धा न घेता गेला.

असं करत आठ-दहा वर्षांत त्यांच्याकडे पाच नाणी झाली. मुलीच्या शाळेतल्या कंपासपेटीत सरकीकाढला कापूस घालून त्या ती ठेवायच्या. माझ्याकडे एक काम दिलं होतं. नाण्यावर वहीचा कागद ठेवून शिसपेन्सिल हलकी घासायची, की राजा कागदावर उमटतो. खाली मी कुठं मिळालं ते लिहायचं. काकूंना ते वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं ते बोट ठेवून ठेवून विचारायच्या, आणि "बकरीची" हा शब्द लिहिलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता.

पण त्यांचं मन होतं अल्लीपूरला.

प्राध्यापक येऊन गेले त्याच महिन्यात त्या तिथं जाऊन आल्या होत्या. दौलतराव तेव्हा वारलेले होते. गिरजाबाई होत्या आणि दोन मुलं, शंकर आणि मारोती. काकूंनी सरळ विचारलं, त्या मायच्या बदल्यात दुप्पट वजनाचा टाक घडवून देते. गिरजाबाईंनी त्यांना उभ्या उभ्या हाकललं. "देव इकत मांगाले आली काय वं सोनारनी? उद्या माही सून मांगशीन!"

काकू रागावल्या नाहीत. मला येऊन म्हणाल्या, "बरोबर बोलली बाई. मीच येड्यासारखी गेली." पण त्यांनी देवघरात डोकावून पाहिलं होतं. नवरात्रात घट बसायच्या आदल्या दिवशी त्या घरात सगळे देव राखेनं आणि चिंचेनं खसाखसा घासायचे. मायच्या हातातली डहाळी जवळजवळ गेली होती. खुर्चीचा एक पाय गेला होता. "अशा धा नवरात्र गेल्या ना कुसुम, तं ते नुसती चकती राहीन. मुशीत गेली काय अन् राखेनं घासली काय."

पुढच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी त्या पुन्हा अल्लीपूरला गेल्या. या वेळी पिशवीत रिठे होते. गिरजाबाई दारातच म्हणाल्या, "आली का पुन्हा?"

"मांगाले नाई आली. धुवाले आली," काकू म्हणाल्या. "सोनाराच्या हातानं देव धुऊन घ्या. पैसा नाई घेत मी."

रिठ्याच्या कोमट पाण्यात देव बुडवून ठेवायचे, अंगठ्याने हळू चोळायचे, मऊ धोतराच्या फडक्याने टिपायचे. तासभरात टाक असे उजळले की शेजारच्या बाया पाहायला आल्या. निघताना गिरजाबाईंनी काकूंच्या पिशवीत तांदूळ घातले. त्यानंतर काकूंनी एकही वर्ष चुकवलं नाही. एका वर्षी ताप होता, तरी गेल्या. नंतर नंतर मीही सोबत जायला लागले. मी आपली खांबाशी बसून रिठे फोडायची. दोघींचं चालायचं. गिरजाबाई ओरडायच्या, "सोनारीन आली रे, देव मोजून ठेवा!" काकू म्हणायच्या, "मोजा, मोजा. मागच्या वर्षी एक जास्त निंगाला व्हता." एकदा मी मायवर कागद ठेवून पेन्सिल घासली तर गिरजाबाई घाबरल्या, "देवाचा फोटू काढून राह्यली का हे पोरगी? आयुष्य कमी होते ना!" काकूंनी सांगितलं, "देवीचं कमी नाई होत. तुमचं आमचं होते."

दर वर्षी परत येताना त्या एकच गोष्ट सांगायच्या. "आवंदा नाई झिजली." जेवण झाल्यावर माणूस जसा तृप्त असतो तसं त्यांचं तोंड असायचं.

आमच्या गल्लीत पहिला टी.व्ही. आला त्या हिवाळ्यात गिरजाबाई गेल्या. उन्हाळ्यात भावांची वाटणी झाली. वावर वाटलं, घर वाटलं, बैल वाटले, आणि मायपाशी येऊन अडलं. देवघर थोरल्याचं, यावर धाकटा काही बोलला नाही. पण माय आईची होती, आई शेवटी माझ्याकडे होती, म्हणून माय मला पाहिजे, असं मारोतीचं म्हणणं. शंकर ऐकेना. दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी गावातल्या चार माणसांनी तोड काढली. जुना झिजलेला टाक आटवून त्याच चांदीचा नवा करतात, ती रीतच आहे. तसं मायला आटवायचं, त्यात थोडी चांदी घालायची आणि तिचे दोन टाक करायचे. माय तीच, दोन घरी बसेल. आणि हे काम द्यायचं कुणाला, तर आईचे देव इतकी वर्षं धुतले तिलाच.

दोघं भाऊ एकाच येष्टीनं आले, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून आले असणार. दुकानातही दोन टोकांना बसले. शंकरने लाल फडक्यात बांधलेली माय काकूंपुढं ठेवली. मी आत पाणी भरत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"कवा होईन काकू?" शंकर म्हणाला.

"चार दिवस लागतीन."

"पुढच्या ओळीतले म्हणे धा मिनिटाचं काम हाये."

"त्याहिचं असन. माह्या हातानं नीट कराचं तं चार दिवस लागतात."

ते गेल्यावर काकूंनी फडकं सोडलं आणि माय तळहातावर घेऊन बसल्या. मी पाण्याची बादली तशीच ठेवून बाहेर आले. मला जे सुचलं ते मी बोलून गेले. "काकू, आता तं हातातच आली. तुम्ही आपल्या चांदीचे दोन टाक करून द्या. कोनाले समजते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "माह्या नवऱ्यानं याच घरची चांदी इतवली. एक गुंज मारली नाई. अन् मी देव मारू?"

"मंग आटवता?"

"नाई."

"नाई म्हणाल तं ते पुढच्या ओळीत नेतीन."

"तेच तं वं." त्या इतकंच म्हणाल्या.

तीन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कंपासपेटी उघडली, राखेत सापडलेलं नाणं काढलं, आणि मायसोबत त्याच लाल फडक्यात बांधलं. त्यांच्या पाचांतलं ते सगळ्यात चांगलं होतं. डबीत पडून राहिलेलं, कुणी घासलेलं नाही. पहिलंच आणि आवडतं. येष्टीत त्या स्वतःच म्हणाल्या, "आज शिव्या खाव्या लागतीन. तू आयकून घेजो, मधात बोलजो नको."

मी मधे बोलण्यातली नव्हतेच.

अल्लीपूरला काकूंनी दोघा भावांना आणि त्यांच्या बायकांना देवघरापुढं बसवलं. तामण मागितलं. फडकं सोडून दोन्ही नाणी तामणात ठेवली, दोन्ही खुर्चीवरच्या बायका वर करून. मारोतीची बायको पुटपुटली, "अगं माय, दोन झाल्या!"

"आटवली नाई मी," काकू म्हणाल्या. "हे तुमची. अन् हे बी तुमचीच. दोघी बहिनी हायेत, एकाच गाडग्यातल्या. तुमच्या बापानं आनलेल्या." मग त्यांनी मूस, भाता, राख, चाळणी, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

शंकरचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हंजे आमचा पैसा तुह्या नवऱ्यानं ठेवून घेतला व्हता?"

"नवऱ्याले माईतच नव्हतं. तो बिचारा मरेपर्यंत ताठ मानेनं जगला. मी ठेवला."

"चाळीस वर्षं? अन् दर वर्षी आमच्या घरी येऊन देव धुवत व्हती? आईच्या हातचे तांदूळ घेत व्हती?"

"व्हय."

"आई देव मोजून ठेवा म्हणे ते खरंच व्हतं मंग!"

काकूंची नजर खाली गेली नाही, पण आवाज बारीक झाला. तसा तो मी आधी कधी ऐकला नव्हता. "राखेत भेटला तवाच परत द्याले पाह्यजे व्हता. नवीन नवरी व्हती, समजलं नाई. समजलं तवा देऊ वाटला नाई. हे चूक माही हाये, त्याले सोनाराची जात नको लावू, नवऱ्याले बी नको लावू. मले बोल."

शंकर बोलणारच होता. पण मारोती तामणावर वाकला होता. त्याने राखेतलं नाणं उचलून दाराच्या उजेडात नेलं आणि तिथूनच ओरडला, "दादा, हिच्या हातात झाड हाये!"

कित्येक दिवसांनी त्याने भावाला हाक मारली होती. शंकर उठून गेला. दोघं डोक्याला डोकं लावून पाहत होते. मायच्या हातातली डहाळी, तिची पानं, लुगड्यासारख्या चुण्या, खुर्चीचे पाय. लहानपणापासून ते जिच्या पाया पडत होते तिच्या हातात काय आहे ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना समज यायच्या आधीच ते घासून गेलं होतं.

"आईनं हे पाह्यलं नाई कधी," मारोती म्हणाला.

"पाह्यलं व्हतं," काकू म्हणाल्या. "पहिल्या वर्षी. म्हणून तं ठेवून घेतली तिनं."

मग शंकर म्हणाला, "मंग हे माह्या देवघरात राहू दे. जुनी तू ने." मारोती म्हणाला, "आता काऊन? आईच्या हातची तुले पाह्यजे व्हती ना!" आणि शंकरची बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि पहिल्यांदा त्या घरातली हवा हलली. गिरजाबाईंनी पूजलेली माय थोरल्याकडे राहिली. राखेतली मारोती घेऊन गेला. काकूंनी दोघांच्या बायकांना दोन-दोन मुठी रिठे दिले आणि देवघरासमोर शपथ घ्यायला लावली, की राख नाही, चिंच नाही, रांगोळी नाही. "अन् मी येईन पाहाले. दोन्ही घरी."

शंकरने त्यांना चहा विचारला नाही. मारोती मात्र फाट्यापर्यंत पोचवायला आला.

परतीची येष्टी दुपारची. त्यानंतर पंधरा दिवसांतच यजमानांना पुलगावला काम लागलं आणि आम्ही हिंगणघाट सोडलं. सामान बांधायच्या गडबडीत काकू अमरावतीला मुलीकडे गेलेल्या, त्यामुळे निरोपही घेता आला नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं येते ती ही येष्टीच. काकू खिडकीशी बसल्या होत्या. खूप दमल्या होत्या. मी विचारलं, "काकू, वाईट वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. लई वाटते." आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

आमच्या मागच्या बाकावर दोन माणसं बोलत होती. पुढच्या गावात कुणाच्या तरी शेतात विहीर खणणं चाललं होतं, तिथं तीन पुरुष खोलीवर गाडगं लागलं, आत काळे पडलेले गोल गोल पैसे.

काकूंचे डोळे उघडले. त्या मागं वळल्या. "त्याच्यावर तोंड हाये का? नाकवालं?"

"काय माईत बाई. काई तरी हाये म्हणे."

"कोन्या सोनाराकडे गेलं?"

"आजून नाई. आज बाजारात नेतो म्हणे, पाच वाजता."

काकूंनी उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "बाई, इथं थांबा नाई." त्या म्हणाल्या, "मंग आता करा." पिशवी खांद्याला लावून त्या मला म्हणाल्या, "दुकानाच्या कुलपावर ध्यान ठेवजो," आणि उतरल्या.

वैशाखाचं ऊन होतं. गावाकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या, पण तो रस्ता लांबून वळसा घेऊन जात होता. काकू क्षणभर थांबल्या, डोळ्यांवर हात धरून गाव कुठं आहे ते पाहिलं, पदर डोक्यावरून ओढून कानामागं खोचला, आणि सावली सोडून वखरलेल्या वावरातून सरळ रेघेत चालायला लागल्या. येष्टी निघाली तेव्हा त्या ढेकळांतून अडखळत, पण धावल्यासारख्याच जात होत्या.